घटक ५ : अतिवास्तववाद, अग्रगामी कला आणि अस्सलतेचा प्रश्न

५.० उद्दिष्टे

विद्यार्थिमित्रहो, या घटकाचा अभ्यास केल्यानंतर ‘अतिवास्तववाद’ आणि ‘अग्रगामी कला’ या संज्ञांचा थोडक्यात इतिहास तुम्हाला सांगता यावा, रोझलिंड क्राउस या कलेतिहासकार विदुषीने या संज्ञांविषयी उपस्थित केलेले प्रश्न समजावून घेता यावेत आणि मराठी चित्रकार-लेखक प्रभाकर बरवे यांच्या कामाला ‘अतिवास्तववादी’ म्हणताना काय दिसते व काय झाकले जाते याविषयी स्वतःचे मत मांडता यावे, अशी अपेक्षा आहे. यांतील शेवटची अपेक्षा आम्हाला सर्वाधिक महत्त्वाची वाटते. पहिल्या दोन गोष्टी कोशांतूनही मिळू शकतात.

५.१ प्रास्ताविक

१९२१ च्या डिसेंबरात पॅरिसमधील एका छोट्या पुस्तकांच्या दुकानात मॅन रे या अमेरिकी कलावंताचे प्रदर्शन भरले होते. पॅरिसमधील त्याचे हे पहिलेच एकल प्रदर्शन. उद्घाटनाच्या दिवशी संगीतकार एरिक साती याच्याबरोबर तो बाहेर पडला, वाटेतल्या एका दुकानातून त्याने कपड्यांची साधी लोखंडी इस्त्री, काही चुका आणि गोंद विकत घेतला, इस्त्रीच्या गुळगुळीत तळाला चौदा चुका एका ओळीत टोके बाहेर काढून चिकटवल्या आणि ती वस्तू प्रदर्शनात ठेवून दिली. तिला त्याने ‘भेट’ असे नाव दिले. त्याच दिवशी ती चोरीला गेली. आज जगातल्या संग्रहालयांत जी ‘भेट’ दिसते ती पुढे तयार केलेली प्रतिकृती आहे.

तुमच्यापैकी अनेकजण भिवंडी परिसरात राहतात. घरात कोणी यंत्रमागावर काम केलेले असेल, कोणी कापड तपासणीत, घडीत वा गोदामात असेल. काहीजण स्वतःच दिवसपाळी करून रात्री हे पुस्तक उघडत असतील. ही वस्तू समजण्यासाठी तुम्हाला कलेच्या इतिहासाची वाट पाहावी लागणार नाही. ज्याने कापडाला एक खोच पडल्यामुळे पूर्ण तागा बाजूला काढलेला पाहिला आहे, त्याला त्या चुकांकडे पाहून पोटात काय होते ते ठाऊक आहे. कापड सरळ करण्यासाठी असलेली वस्तू कापड फाडण्यासाठी सज्ज झाली आहे. तिचा उपयोग हिरावून घेतला गेला आणि त्या क्षणी ती पहिल्यांदाच नीट दिसू लागली.

या छोट्याशा हकिकतीत या घटकाचे दोन्ही प्रश्न सामावलेले आहेत. नेहमीची वस्तू अनोळखी करून पाहणे म्हणजे काय, हा पहिला प्रश्न. दुसरा अधिक अवघड आहे. मूळ वस्तूच हरवली असेल आणि सर्वत्र प्रतिकृतीच असतील, तर ‘अस्सल’ कशाला म्हणावयाचे? हा दुसरा प्रश्न मराठी साहित्याच्या व कलेच्या विद्यार्थ्याला अगदी जवळून भिडणारा आहे. आपल्याकडील नवतेवर गेली सत्तर-ऐंशी वर्षे एक आरोप होत आला आहे : हे सारे पाश्चात्त्यांकडून उसने आणलेले आहे.

५.२ दोन संज्ञांची पार्श्वभूमी

‘अग्रगामी’ हा शब्द आपण फ्रेंच ‘आवाँ-गार्द’ या संज्ञेसाठी वापरत आहोत. ती मुळात लष्करी संज्ञा आहे. मुख्य सैन्याच्या पुढे जाऊन वाट तपासणारी तुकडी, असा तिचा अर्थ. १८२५ च्या सुमारास फ्रान्समधील सेंट-सायमनवादी समाजचिंतकांनी ती कलावंतांना लावली. समाजाच्या पुढे चालणारे ते कलावंत, असा अर्थ रूढ झाला. शब्दातच एक वाट गृहीत आहे, आणि त्या वाटेवर कोणी पुढे व कोणी मागे असणार हेही गृहीत आहे. हे ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

अतिवास्तववादाची घोषणा आंद्रे ब्रेताँ याने १९२४ च्या जाहीरनाम्यात केली. हा शब्द त्याआधी १९१७ मध्ये गीयोम आपोलिनेर या कवीने वापरला होता. पहिल्या महायुद्धात ब्रेताँ वैद्यकीय सेवेत होता. १९१६ मध्ये मनोरुग्ण सैनिकांच्या रुग्णालयात काम करताना त्यांचे असंबद्ध वाटणारे बोलणे त्याने ऐकले आणि फ्रॉइडच्या विचारांशी त्याचा परिचय झाला. जागेपणीच्या तर्कबुद्धीने ज्याला बाहेर ठेवले आहे त्या स्वप्नाला, योगायोगाला, नकळत निसटणाऱ्या शब्दाला वाट करून द्यावी, हा या चळवळीचा गाभा. बुद्धीचा लगाम सोडून लिहिणे, असंबद्ध वस्तू शेजारी ठेवणे, लाकडी फळीवर कागद ठेवून घासून उमटलेल्या रेषांतून चित्र शोधणे असे तिचे अनेक मार्ग होते. शेवटचा मार्ग माक्स अर्न्स्ट याने १९२५ पासून वापरला.

मराठीतील संज्ञेविषयी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. मराठी विश्वकोशाने ‘अतिवास्तववाद’ हा शब्द स्वीकारला आणि तोच रूढ झाला. परंतु मराठी कानाला ‘अति’ म्हटले की आधी ‘फार’ असा अर्थ जाणवतो. अतिशहाणा, अतिउत्साही, अतिवृष्टी. त्यामुळे परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत ‘वास्तवाचे अतिरेकी चित्रण म्हणजे अतिवास्तववाद’ असे वाक्य दरवर्षी वाचावे लागते. येथील ‘अति’ हा ‘अतींद्रिय’ या शब्दातला आहे, पलीकडचा. काही लेखक ‘वास्तवातीत’ म्हणतात ते अधिक नेमके आहे, पण त्यातही एक धोका आहे. ब्रेताँला वास्तव सोडून जायचे नव्हते. स्वप्न आणि जाग ज्या ठिकाणी एकत्र येतील असे अधिक भरीव वास्तव त्याला हवे होते. मॅन रेची इस्त्री खरीच इस्त्री आहे, स्वप्नातली नव्हे.

५.३ रोझलिंड क्राउस : मूळ कोणते, प्रत कोणती?

१९४१ मध्ये जन्मलेल्या रोझलिंड क्राउस या अमेरिकी कलेतिहासकार. ॲनेट मायकेलसन यांच्यासह त्यांनी १९७६ मध्ये ‘ऑक्टोबर’ हे नियतकालिक सुरू केले. त्यांच्या लेखांचा ‘अग्रगामी कलेची अस्सलता आणि इतर आधुनिकतावादी मिथके’ अशा अर्थाच्या नावाचा संग्रह १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. नावातील ‘मिथके’ हा शब्दच त्यांची भूमिका सांगतो.

संग्रहाला नाव देणारा लेख एका प्रसंगापासून सुरू होतो. वॉशिंग्टन येथे ओगुस्त रोदँ या शिल्पकाराचे मोठे प्रदर्शन भरले होते आणि तेथे त्याचे ‘नरकाचे द्वार’ हे प्रचंड शिल्प मांडले होते. हे कांस्यशिल्प ओतले गेले १९७८ मध्ये. रोदँ वारला १९१७ मध्ये. मृत्यूनंतर साठ वर्षांनी ओतलेले शिल्प अस्सल कसे? कायद्याच्या दृष्टीने ते अस्सलच होते, कारण साच्यांवरून शिल्पे ओतण्याचा अधिकार रोदँने फ्रेंच राष्ट्राला दिला होता. क्राउस यांचे म्हणणे असे की, हा केवळ कायद्याचा पेच नाही. हयातीत रोदँ स्वतःही एकच आकृती पुनःपुन्हा, वेगवेगळ्या ठिकाणी वापरत होता. म्हणजे जिला आपण मूळ म्हणतो तिच्या पोटातच पुनरावृत्ती होती.

यानंतर त्या चौकटीकडे, म्हणजे उभ्या-आडव्या रेषांच्या जाळीकडे वळतात. विसाव्या शतकातील अनेक चित्रकार जाळीपाशी पोहोचले, आणि प्रत्येकाला वाटले की आपण शून्यापासून, पाटी कोरी करून आरंभ करीत आहोत. प्रत्यक्षात ती जाळी त्यांच्याआधी हजारदा काढली गेली होती. ज्या गोष्टीला ते आरंभ समजत होते ती सर्वाधिक वेळा गिरवलेली गोष्ट होती. आरंभाचा हा दावा हेच क्राउस यांच्या मते अग्रगामी कलेचे मिथक.

भिवंडीच्या वाचकाला येथे हसू आले तर ते योग्यच आहे. उभा ताणा, आडवा बाणा, एक वर एक खाली. ही जाळी ज्या चित्रकारांनी शोधली म्हणून इतिहासात नाव मिळवले, ते सारे चित्र काढीत होते ते साध्या विणीच्या कापडावरच. कॅनव्हास हे कापडच आहे. चित्राच्या खाली जाळी आधीपासून होती आणि ती कोण्या विणकराने घातली होती. कॅनव्हासची वीण चित्राच्या जाळीखाली असतेच, याची दखल क्राउस घेतात; मात्र त्यांचा रोख चित्रकारांच्या दाव्यावर आहे, विणकरावर नाही. तो विचार पुढे नेण्याचे काम तुम्हाला करता येण्यासारखे आहे.

अतिवास्तववादावरील त्यांचे लेखनही याच दिशेने जाते. या चळवळीचा एक इतिहासकारांना सतावणारा पेच आहे. होआन मिरोची जवळजवळ अमूर्त चित्रे आणि साल्वादोर दाली किंवा रने माग्रीत यांची काचेसारखी स्वच्छ, ओळखू येणारी चित्रे या दोहोंनाही आपण अतिवास्तववादीच म्हणतो. शैली म्हणून त्यांत काही समान नाही. क्राउस यांनी १९८० च्या दशकात असे सुचवले की, आपण चुकीच्या ठिकाणी शोधत आहोत. या चळवळीचे मर्म चित्रापेक्षा छायाचित्रात आहे. मॅन रे, ब्रासाई, हान्स बेलमेर, डोरा मार यांच्या छायाचित्रांकडे त्यांनी लक्ष वेधले. छायाचित्र वास्तवाचा ठसा असते. त्या ठशातच दुप्पट प्रतिमा, फट, कापलेली कड आली, की वास्तव स्वतःच एखाद्या लिपीसारखे वाचावयाचे होऊन बसते. दुप्पट करण्याने काय साधते, यासाठी त्या लहान मुलाच्या बोबड्या बोलाचा दाखला घेतात. मुलाने एकदा ‘पा’ म्हटले तर तो निव्वळ ध्वनी असू शकतो. ‘पापा’ म्हटले की पहिला ‘पा’ही हेतूने उच्चारलेला होता हे कळते. आपल्या ‘बाबा’, ‘काका’, ‘मामा’ या शब्दांना हे तंतोतंत लागू पडते. पुनरावृत्तीने पहिल्या उच्चारालाही अर्थ येतो.

या विचाराचे महत्त्व असे : दुसरा उच्चार पहिल्याची फिकी प्रत नसतो. दुसऱ्यामुळे पहिला ‘पहिला’ ठरतो.

आपली प्रगती तपासा : ‘नरकाचे द्वार’ हे शिल्प अस्सल आहे असे तुम्हाला वाटते काय? दोन्ही बाजूंनी प्रत्येकी तीन-चार वाक्ये लिहा. येथे बरोबर-चूक असे उत्तर नाही, परंतु कारण देणे आवश्यक आहे.

५.४ ‘उशिरा पोहोचलेले’ कलावंत

आता ही चर्चा आपल्या देशात आणू. ब्रिटिश कलेतिहासकार डब्ल्यू. जी. आर्चर यांनी १९५९ मध्ये आधुनिक भारतीय कलेवर ग्रंथ लिहिला. गगनेंद्रनाथ टागोर यांची घनवादी वळणाची चित्रे त्यांनी पिकासोच्या दुबळ्या अनुकरणात काढली. या निवाड्याची चिकित्सा पार्थ मित्तर यांनी केली. ‘द ट्रायम्फ ऑफ मॉडर्निझम’ हा त्यांचा १९२२ ते १९४७ या काळातील भारतीय कलेवरील ग्रंथ २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. असा निवाडा देण्याच्या सवयीला त्यांनी एक नावच दिले आहे. मराठीत त्याला ‘फसलेल्या पिकासोचा रोग’ म्हणता येईल. त्यांचा युक्तिवाद साधा आणि न टाळता येण्यासारखा आहे. पिकासोने आफ्रिकी शिल्पांतून घेतले, तेव्हा त्याला कोणी अनुकरण म्हटले नाही. ती त्याची प्रतिभा ठरली. कोलकात्याच्या चित्रकाराने पिकासोकडून घेतले की त्याचे स्वत्व हरवले. घेण्याची क्रिया एकच, निवाडे दोन. फरक चित्रांत नाही, कोणाकडे सत्ता होती त्यात आहे.

‘अग्रगामी’ या शब्दात दडलेल्या वाटेकडे आता पुन्हा पाहा. पॅरिस पुढे आणि बाकीचे जग मागे, अशी एकच वाट मानली तर मुंबईचा चित्रकार कितीही चालला तरी मागेच असणार. १९४७ मध्ये मुंबईत सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे आणि बाकरे यांनी ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’ स्थापन केला. त्याच वर्षी मर्ढेकरांचा ‘काही कविता’ हा संग्रह आला. दोन्ही घटनांच्या वाट्याला ‘हे परके आहे’ हा शेरा आला. हा शेरा बाहेरच्यांनी मारला तसा घरच्यांनीही मारला, आणि आमच्या मते घरच्यांचा अधिक टिकला.

अतिवास्तववादाच्या बाबतीत मात्र एक वेगळी घडामोडही नोंदवावी लागते. १९३१ मध्ये पॅरिसमध्ये भव्य वसाहतिक प्रदर्शन भरले, तेव्हा अतिवास्तववाद्यांनी ‘तेथे जाऊ नका’ असे पत्रक काढले आणि प्रतिप्रदर्शन भरवले. पुढे कॅरिबियन समुद्रातील मार्तिनिक या फ्रेंच वसाहतीत एमे सेझेर व सुझान सेझेर यांनी १९४१ ते १९४५ या काळात ‘त्रोपिक’ हे नियतकालिक चालवले. त्यांनी अतिवास्तववाद हाती घेतला तो वसाहतीतील माणसाचे दडपलेले मन मोकळे करण्याचे हत्यार म्हणून. तेथे जाऊन पोहोचलेला ब्रेताँ त्यांचे लेखन वाचून थक्क झाला. पोहोचायला उशीर कोणाला झाला होता, हा प्रश्न येथे उलटा विचारता येतो.

५.५ प्रभाकर बरवे : कोरे कापड

प्रभाकर बरवे यांचा जन्म १९३६ चा, आजच्या रायगड जिल्ह्यातील नागावचा. १९५९ मध्ये सर जे. जे. कला विद्यालयातून त्यांनी शिक्षण पूर्ण केले. १९६१ मध्ये ते विणकर सेवा केंद्रात रुजू झाले आणि १९६५ पर्यंत वाराणसीला होते. नंतर मुंबईला परतले. १९७६ मध्ये त्यांना ललित कला अकादमीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९९० मध्ये मौज प्रकाशनाने त्यांचे ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. शांता गोखले यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला आहे. १९९५ मध्ये बरवे यांचे निधन झाले. २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या कामाचे मोठे सिंहावलोकनी प्रदर्शन झाले.

चरित्रातील विणकर सेवा केंद्र हा तपशील बहुधा एका वाक्यात उरकला जातो. आपण तेथे थोडे थांबू. स्वातंत्र्यानंतर हातमागाला आधार देण्यासाठी १९५० च्या दशकात ही केंद्रे निघाली. पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने त्यांत चित्रकारांना नेमले गेले, के. जी. सुब्रमण्यन, अंबादास, जोगेन चौधरी, मनू पारेख असे पुढे नामवंत झालेले कलावंत या केंद्रांत काम करून गेले. विणायच्या नक्षीचे काम चित्रापेक्षा वेगळे असते. ती चौकटीच्या कागदावर एकेक घर भरून उतरवावी लागते. एक घर म्हणजे ताणा आणि बाणा यांची एक गाठभेट. तेथे ‘साधारण असे’ चालत नाही. रेषा वळवायची असेल तर किती घरांनंतर वळवायची ते मोजावे लागते, आणि रिकामे घर हेही भरलेल्या घराइतकेच ठरवून सोडलेले असते.

(हातमागाला वाचवण्याची ही धडपड चालू असताना यंत्रमाग त्याचे काम ओढून घेत होता आणि त्या यंत्रमागाचे मोठे शहर म्हणजे भिवंडी. वाराणसीच्या बाजूचे कितीतरी विणकर रोजगारासाठी भिवंडीत आले. बरवे ज्या दिशेला गेले त्याच्या उलट दिशेने ही माणसे आली. कलेतिहासाच्या पुस्तकांत हे येणार नाही म्हणून येथे नोंदवून ठेवतो.)

वाराणसीच्या मुक्कामात बरवे तांत्रिक चिन्हांच्या परंपरेकडे ओढले गेले आणि १९६० च्या दशकातील त्यांच्या चित्रांवर त्याचा ठसा आहे. या काळामुळे त्यांना ‘नवतांत्रिक’ म्हटले गेले. पुढे चित्र बदलले. सपाट, चकचकीत एनॅमल रंगांत रंगवलेला मोठा मोकळा अवकाश आणि त्यात सुट्या ठेवलेल्या रोजच्या वस्तू : पान, घड्याळ, फळ, शिंपला, ढग. आकारमान बदललेले, लहान वस्तू मोठी, मोठी लहान. कोठे वस्तू भरीव, कोठे तिची नुसती कडा. या चित्रांना ‘अतिवास्तववादी’ म्हटले गेले. एकाच चित्रकाराला दोन शिक्के मिळाले. एक पूर्वेचा, एक पश्चिमेचा. दोन्ही अगदीच निराधार नाहीत, पण दोन्ही चित्राकडे पाहण्याचे श्रम वाचवतात.

‘अतिवास्तववादी’ म्हटल्याने काय दिसते ते आधी मान्य करू. असंबद्ध वस्तूंचे शेजार, मोडलेले प्रमाण, स्वप्नासारखी शांतता हे सारे खरोखर तेथे आहे. माग्रीतची चित्रे पाहिलेल्या डोळ्यांना बरवे ओळखीचे वाटतील. ही ओळख नाकारण्यात काही मोठेपणा नाही. चित्रकार जग पाहूनच चित्र काढतो.

आता काय झाकले जाते ते पाहू. मॅन रेची इस्त्री धक्का देते. तिच्यातल्या दोन वस्तू, इस्त्री आणि चुका, एकमेकींवर आदळतात. बरवे यांच्या चित्रात आदळणे नाही. पान आणि घड्याळ यांच्यामध्ये बरीच मोकळी जागा आहे आणि ती जागाच चित्राचा विषय असावी इतकी ती जपलेली आहे. तेथे स्वप्नाचा आवेग, दडपलेल्या वासनेचा स्फोट असे फ्रॉइडच्या वळणाचे काही शोधू गेलात तर हाती फारसे लागत नाही. पाहत राहिलात तर मात्र पानाची कडा काही काळाने पान राहत नाही. ती एक वळण होते, मग त्या वळणाचा भोवतीच्या रिकाम्या रंगाशी हिशेब सुरू होतो. हे मनाला मोकळे सोडून केलेले काम नाही. हे घर मोजून केलेले काम आहे. विणकर सेवा केंद्रातील वर्षांचा येथे संबंध आहे असे आमचे वाचन आहे. ते सिद्ध झालेले मत म्हणून पाठ करू नये. चित्रे पाहून तपासावे.

बरवे स्वतः काय लिहितात? ‘कोरा कॅनव्हास’मध्ये वादांची चर्चा जवळपास नाही, हीच पहिली लक्षणीय गोष्ट. कॅनव्हास, आकार, रंग, रेषा, अवकाश, निसर्गातील निरीक्षण यांविषयी काम करणारा माणूस कामाच्या जवळून बोलतो आहे. मराठी कलासमीक्षेत बोजड संज्ञांची सवय झालेल्या वाचकाला या गद्याचा साधेपणा आधी फसवा वाटतो. वस्तू आणि तिचे नाव, आकार आणि त्याचा अर्थ यांत जो सैलपणा असतो त्यावर त्यांची नजर वारंवार जाते. साहित्याच्या विद्यार्थ्याने हे पुस्तक चित्रकलेचे म्हणून बाजूला ठेवू नये. शब्द आणि वस्तू यांच्यातील हाच सैलपणा कवितेचेही भांडवल आहे.

पुस्तकाच्या नावातला ‘कोरा’ हा शब्दही पाहा. कोरा कागद आपण म्हणतो, पण त्याच सहजतेने कोरे कापड, कोरे धोतर, कोरे लुगडे म्हणतो : मागावरून उतरलेले, अजून पाणी न लागलेले. भिवंडीच्या बाजारात ज्याला ‘ग्रे’ म्हणतात तेच. ते रिकामे नसते. त्यात सुताची जात, खळ, मागाचा दोष, विणणाऱ्याचा हात सगळे असते. क्राउस ज्या ‘शून्यापासून आरंभ’ या मिथकावर बोट ठेवतात, त्याला हा एक मराठी शब्द मुळातूनच छेद देतो. कोरे म्हणजे काहीच नसलेले, असा अर्थ कापडाच्या व्यवहारात होतच नाही.

आपली प्रगती तपासा : बरवे यांचे एखादे चित्र छापील स्वरूपात किंवा मोबाइलवर मिळवा. ‘अतिवास्तववादी’ आणि ‘नवतांत्रिक’ हे दोन्ही शब्द न वापरता त्याचे दहा ओळींत वर्णन करा. मग पुन्हा वाचून पाहा : हे शब्द कोठे खरोखर अडले?

५.६ घरची अवजारे

पाश्चात्त्य संज्ञा नाकारा असे आम्ही सुचवत नाही. परंतु मराठी सौंदर्यविचारात काही अवजारे पडून आहेत आणि या कामासाठी ती कोणी फारशी उचलत नाही. मर्ढेकरांच्या सौंदर्यशास्त्रातील लयतत्त्वाचा अभ्यास तुम्ही केला आहे : संवादलय, विरोधलय, समतोललय. मॅन रेच्या इस्त्रीत विरोधलय आहे. बरवे यांच्या चित्रात वस्तू परस्परांपासून दूर राहून एकमेकींना तोलून धरतात. तेथे समतोललय हा शब्द ‘अतिवास्तववाद’ या शब्दापेक्षा अधिक काही सांगून जातो. मर्ढेकरांची ‘भावनानिष्ठ समतानता’ ही कल्पनाही अशीच कामाची आहे. दोन गोष्टींत बाह्य साम्य नसले तरी त्या सारखीच भावना जागवत असतील, तर कवी त्यांना एकत्र आणू शकतो, असे तिचे सार. ब्रेताँच्या वर्तुळात दूरच्या दोन वास्तवांना जवळ आणण्याविषयी जे बोलले जात होते त्याच्याशी हा विचार ताडून पाहण्यासारखा आहे. फरक असा की, ब्रेताँ जोड अबोधावर सोपवतो आणि मर्ढेकर भावनेच्या नेमकेपणावर.

दुसरे अवजार द. ग. गोडसे यांच्याकडून मिळते. चित्रकार, नेपथ्यकार आणि कलेतिहासकार असलेल्या गोडसे यांचा ‘पोत’ हा ग्रंथ १९६३ चा. तो अतिवास्तववादावरचा नाही. पण कलाविचारासाठी मध्यवर्ती संज्ञा निवडताना त्यांनी कापडाच्या व्यवहारातला शब्द निवडला, हे आपल्यासाठी अर्थपूर्ण आहे. शैली पाहताना आपण बहुधा वरची नक्षी पाहतो. पोत बोटांना कळतो. दोन कापडांची नक्षी सारखी असून पोत वेगळा असू शकतो, हे भिवंडीत कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. माग्रीत आणि बरवे यांच्या संदर्भात हेच वाक्य उत्तरपत्रिकेत वापरता येईल; मात्र पुढे उदाहरण द्यावे लागेल.

कवितेचा विचार पुढील घटकात सविस्तर येणार आहे. येथे एवढेच की, अरुण कोलटकरांनीही जे. जे. मध्ये कलाशिक्षण घेतले होते आणि जाहिरातक्षेत्रात दृश्यकलावंत म्हणून नाव मिळवले होते. दिलीप चित्रे कविता लिहीत आणि चित्रेही काढीत. १९५० च्या दशकात ‘शब्द’ हे अनियतकालिक काढणाऱ्यांत हे दोघे होते. ‘अरुण कोलटकरच्या कविता’ हा संग्रह १९७७ मध्ये आला. त्यातील प्रतिमांना अतिवास्तववादी म्हणण्याची प्रथा आहे. तो शब्द लावण्याआधी या घटकातील प्रश्न तेथेही विचारा.

५.७ स्वाध्याय आणि क्षेत्रकार्य

पुढील प्रश्नांपैकी एकाचे उत्तर सुमारे ५०० शब्दांत लिहा. ‘अग्रगामी’ या संज्ञेत कोणती गृहीते दडलेली आहेत ते सांगून पार्थ मित्तर यांचा आक्षेप स्पष्ट करा. किंवा, क्राउस यांचा पुनरावृत्तीचा विचार मराठी नवकाव्यावरील ‘उसनेपणा’च्या आरोपाला उत्तर म्हणून पुरेसा आहे काय, याची चर्चा करा. दुसऱ्या प्रश्नात ‘पुरेसा नाही’ असे उत्तर आले तरी गुण कमी होणार नाहीत. त्या विचाराच्या मर्यादा दाखवणारे उत्तर आम्हाला वाचायला आवडेल.

क्षेत्रकार्यासाठी आपल्या घरातील वा कामाच्या ठिकाणची एक वस्तू निवडा. धोटा, म्हणजेच शटल, कांडी, बीम, कात्री, वजनकाटा, जेवणाचा डबा, काहीही चालेल. ती तिच्या नेहमीच्या जागेवरून उचलून जेथे तिचे काही काम नाही अशा ठिकाणी ठेवा. मागाजवळची वस्तू घेणार असाल तर पाळी संपल्यावर आणि मालकाला वा मुकादमाला विचारून घ्या. पंधरा मिनिटे तिच्याकडे पाहा आणि मग ३०० शब्दांत दोन परिच्छेद लिहा : पहिल्यात वस्तू आदळते आहे की तोलते आहे, ते, दुसऱ्यात तिच्याभोवतीची रिकामी जागा कशी दिसते, ते. शक्य झाल्यास एखाद्या सुट्टीच्या दिवशी कल्याण वा ठाण्याहून लोकलने मुंबईला जाऊन काळा घोडा येथील जहांगीर कलादालन पाहा. तेथे प्रवेशशुल्क नसते. समोरच्या पदपथाच्या पलीकडे, थोड्याच अंतरावर राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. तेथे कॅनव्हासच्या पुढच्या बाजूइतकेच, दिसत असेल तर, त्याच्या कडेला गुंडाळलेल्या न रंगवलेल्या कापडाकडेही लक्ष द्या आणि वीण कोणती आहे ते वहीत लिहून आणा. संपर्कसत्रात आपण त्या नोंदींपासूनच सुरुवात करू.